उजवा खिसा

लॅबच्या चपला घालण्याआधी ती त्या उलट्या करून झटकते.

फ्रीज उघडण्याआधी दारावर बोटाने टकटक करते. का म्हणून विचारलं तर म्हणते, "आत झोपलेले असतात."

मग सगळ्यांकडे एक फेरी मारते. कुणाची सर्दी, कुणाचा भाऊ, कुणाची चुकलेली बस. फेरी पंधरा मिनिटांची. फेरीभर उजवा हात ॲप्रनच्या खिशात.

पिपेटला टिप बसवताना ओठ मुडपते.

मोजमाप उभ्यानेच करते. खुर्ची ओढून दिली तर तिच्यावर पिशवी ठेवते.

ट्यूबवर नखाने टिचकी मारते. दोनदा. तिसरी कधीच नाही.

वीस मिनिटांचा गजर लावते आणि तो वाजायच्या आधी स्वतःच उठते. मग गजराला म्हणते, "झोप आता."

टिपणं वापरलेल्या पाकिटांच्या मागे लिहिते. कोरा कागद दिसला की आवरून ठेवते.

हसताना मान फिरवते, ट्यूबवर श्वास पडू नये म्हणून. हातात ट्यूब नसली तरी फिरवते.

ही यादी मी वहीत लिहिली तेव्हा मला तिथे लागून तीन आठवडे झाले होते. कारण काहीच नव्हतं. माझं टेबल फ्रीजच्या शेजारी होतं, काम कमी होतं, आणि साहित्यात एम.ए. केलेल्या माणसाला माणसं टिपायची खोड असते. यादीतली सगळी वाक्यं वर्तमानकाळात आहेत. ती गेली त्याला आज सोळा दिवस झाले. वाक्यं मी बदललेली नाहीत.

मला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. लॅबच्या कामाच्या पद्धतींच्या फायली साध्या, स्वच्छ भाषेत लिहून काढायच्या. पहिल्या दिवशी सरांनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, माझी ओळख करून दिली, "या साहित्याच्या आहेत." ती बाटल्या लावत होती. मागे न वळता म्हणाली, "बरं झालं. आमच्याकडे साहित्य नेहमी कमीच पडतं." त्या लॅबमध्ये साहित्य म्हणजे बाटल्या, टिपा, हातमोजे. तेव्हापासून माझं नाव साहित्य.

तिला सगळे ताई म्हणायचे. पाठीमागे 'वीस मिनिटं' म्हणायचे. हे तिला माहीत होतं. मी पहिले दोन दिवस तिला तुम्ही म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने हात जोडले. "बाई गं, इथे अहो-जाहो फक्त नव्या मशीनला करतात."

ताईचं शिक्षण बारावी, सायन्स. पुढे लग्न. नवरा शिंपी. लॅबचे ॲप्रन दुरुस्तीला त्याच्याकडे जायचे आणि ती ते परत आणून द्यायची. एकदा ॲप्रन द्यायला आली तेव्हा बाटल्या धुणारा माणूस आजारी होता. ती म्हणाली, आलेच आहे तर धुऊन टाकते. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. बाटल्यांवरून ती द्रावणांवर आली, द्रावणांवरून पेशींवर. पेशी वाढवायला ती तीन माणसांकडून शिकली. तिघंही आज मोठ्या पदांवर आहेत, आणि तिघंही तिला फोन करून विचारायचे, "ताई, ते पेशींचं खाद्य किती दिवस टिकतं हो?" गेली चार वर्षं ती लॅबसाठी नॅनोकण बनवत होती. छापलेल्या लेखांत तिचं नाव शेवटी, आभारांत असायचं.

नॅनोकण म्हणजे काय ते मला तिनेच सांगितलं. हातात कसलीतरी तुरपाई होती. जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्याच्या दुकानातली कामं उरकायची.

"जीन म्हणजे दोरा समज," ती म्हणाली. "लांबच लांब. सुटा दोरा पेशीच्या दारात नेऊन टाकलास तर काय होईल?"

"गुंता."

"गुंता. शिवाय पेशीचं अंगण आणि हा दोरा, दोघांवर एकाच जातीचा विजेचा भार. एकमेकांना ढकलतात. म्हणून पॉलिमर आणायचा. त्याच्यावर उलटा भार. तो दोऱ्याला चिकटतो, दोरा आखडतो, गुंडाळला जातो. झालं रीळ. रीळ दिसलं की पेशी ते आत ओढून घेते. आत रीळ उलगडतं, दोरा मोकळा होतो, आणि कामाला लागतो."

"रीळ केवढं?"

"शंभर नॅनोमीटरच्या आसपास. एका केसाच्या जाडीत आठशे बसतील."

"आणि वीस मिनिटं कशाला?"

"रीळ नीट बसायला. घाई केलीस तर सैल राहतं. उशीर केलास तर रिळं एकमेकांना चिकटून त्यांचं ढेकूळ होतं. ढेकूळ कोण दारातून आत घेणार?"

लॅबला पुढेमागे हे डोळ्याच्या एका आजारासाठी वापरायचं होतं. काही मुलांच्या डोळ्यांत आतल्या पडद्याच्या पेशींना एक जीन जन्मापासूनच नीट मिळालेलं नसतं. ते बाहेरून पोचवायचं. ती वाट लांबची होती. सध्या दोऱ्यात एक खुणेचं जीन होतं. ते पेशीत पोचलं की पेशी हिरवी चमकते. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके मोजायचे. जितके ठिपके, तितकी पोचलेली रिळं.

ताईच्या बशीत आकाश भरून ठिपके असायचे. अडचण इथेच सुरू झाली.

लॅबमध्ये आठ महिन्यांपूर्वी एक डॉक्टर आल्या होत्या. औषधाच्या नाही, संशोधनाच्या. तिशीच्या, हुशार, बोलायला सरळ. ताई वापरायची त्याच पद्धतीच्या कागदावरून त्यांनी नऊ वेळा कण बनवले. आठ वेळा ढेकूळ झालं. दोन विद्यार्थ्यांनी करून पाहिलं. त्यांचंही ढेकूळ. ताईच्या मात्र त्या काळातल्या सतराच्या सतरा बॅच बरोबर. डॉक्टरांनी एकदा तिला स्वतः भरलेल्या, फक्त आकडे टाकलेल्या ट्यूब दिल्या. पॉलिमर कुठला, जीन कुठलं एवढंच सांगितलं; कुठल्या बाटलीतलं ते ताईला माहीत नव्हतं. तरी तिची बॅच बरोबर आली.

एका मंगळवारी बैठक झाली. मी टिपणं घ्यायला बसले होते.

"पाणी एक," डॉक्टर म्हणाल्या. "पॉलिमर एकाच बाटलीतला. कागद एक. फरक फक्त माणसाचा."

"हाताचा गुण असेल," सर म्हणाले.

"सर, हाताचा गुण स्वयंपाकात असतो. इथे नसतो."

"मग तुमचं म्हणणं काय आहे, डॉक्टर?" ताईने विचारलं. आवाज शांत होता. हात मांडीवर होते.

"ताई, मी तुमच्यावर आळ घेत नाहीये. पण जो निकाल एकाच माणसाच्या हातून येतो आणि ज्याचं कारण कुणाला सांगता येत नाही, तो मी माझ्या नावाने छापू शकत नाही. तुमची पद्धत मी डोळ्यात तेल घालून पाहिली. काम सुरू करायच्या आधी पंधरा मिनिटं गप्पांत जातात, ती मी धरतच नाही. त्यापुढचं सगळं मी तसंच्या तसं करते. तरी होत नाही."

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. मग म्हणाले, महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कुणीतरी कागद वाचून बॅच करायची. जमली तर उत्तम. नाही जमली तर ताईच्या सगळ्या बॅच वगळून पुढे जायचं.

सगळ्या म्हणजे चार वर्षांच्या. धरण्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या नव्हत्याच.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वगळून. केवढासा शब्द आहे. असले शब्द तुम्ही साहित्यवाले करता का गं?"

"ऑफिसवाले करतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि बाटल्या धुवायला गेली. धुतलेल्याच होत्या.

बॅच कुणी करायची यावर दोन दिवस गेले. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने करावी. हिला यातलं काही येत नाही. हिला जमलं तर कागद खरा."

मी म्हणाले, मी आयुष्यात पिपेट धरलेली नाही.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

ताईने मला चार दिवस रंगीत पाण्यावर पिपेट शिकवली. "अंगठा हळू. हळू म्हणजे झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना, तसा." त्या चार दिवसांत तिने एकदाही निकालाचा विषय काढला नाही. बॅचच्या दिवशी मात्र तिला बोलायला बंदी होती. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

मी कागद वाचला. पॉलिमरची ट्यूब फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणावी. मी ती पंधरा मिनिटं टेबलावर ठेवली. जीनचं द्रावण घेतलं. त्यात पॉलिमर एका दमात सोडला. ढवळलं. दोन टिचक्या मारल्या. वीस मिनिटं थांबले. मग ट्यूब नव्या मशीनमध्ये ठेवली. ते मशीन कणांवर प्रकाश टाकून त्यांचा आकार सांगतं. त्याला गारवा लागतो म्हणून गेल्या वर्षीपासून आमच्या कामाच्या खोलीत एसी अखंड चालू असतो.

आकडा आला आठशे सत्तर. हवा होता शंभरच्या आसपास.

ताईने डोळे मिटले आणि उघडले. एवढंच.

दुसऱ्या खेपेला तिने आधीच मला सगळं सांगून ठेवलं. टिप कशी आधी एकदा ओली करायची, पॉलिमर कुठल्या कोनातून सोडायचा, ट्यूब कुठे धरायची. मी पाच पानं लिहून घेतली. आकडा आला नऊशे दहा.

"ताई," डॉक्टर म्हणाल्या, "काही सांगायचं राहिलंय का?"

"सगळं सांगितलं."

"आठवून बघा."

त्या दुपारी ती जेवली नाही. तुरपाईची पिशवीही उघडली नाही.

शनिवारी तिने मला दुकानात बोलावलं. शिंपीकाकांचं दुकान त्यांच्या घराच्या खालीच होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला अर्धवट कपडे. पंखा फिरत होता आणि मापाच्या चिठ्ठ्या हलत होत्या. ताई स्टुलावर बसून पँटच्या खालच्या पट्ट्या दुमडत होती. काका मशीनवर होते.

"या साहित्य," ते म्हणाले. "आमच्याकडे तीन दिवस वीस मिनिटं चालू आहेत."

"म्हणजे?"

"एरवी भांडण झालं की ही वीस मिनिटं बोलत नाही. एकविसाव्या मिनिटाला चहा येतो. या वेळी चहाच नाही. आणि भांडणही झालेलं नाही."

"अहो, गप्प बसा जरा," ताई म्हणाली.

मग ती माझ्याशी बोलायला लागली. सुई चालूच होती.

"मला झोप लागत नाही. डॉक्टरांवर राग नाही माझा, त्यांचं बरोबर आहे. मला वेगळीच भीती वाटते. समज, माझ्याच हातून न कळत काहीतरी होत असेल. मला चांगलं हवंय म्हणून चांगलं दिसत असेल. माणूस स्वतःला फसवतो की नाही?"

"पण आकडा मशीन देतं."

"मशीनला ट्यूब मीच देते ना."

काकांनी मशीन थांबवलं. "साहित्य, मी हिला एकतीस वर्षं ओळखतो. हिने एकच लबाडी केली. लग्नाआधी म्हणाली, मला शिवण येतं."

"येतच होतं."

"तुरपाई येत होती."

"तुरपाई म्हणजे शिवणच."

ती हसली नाही. मला काय करावं ते सुचेना. माझ्या पिशवीत वही होती. मी म्हणाले, थांब, तुझी गंमत वाचून दाखवते. आणि ती यादी वाचली.

झटकलेल्या चपलांवर तिने मान डोलावली. फ्रीजच्या टकटकीवर काका म्हणाले, "घरी पण करते. मला वाटलं होतं, आत मी काही ठेवलंय का ते बघते." फेरीचं वाक्य आलं. फेरीभर उजवा हात ॲप्रनच्या खिशात.

"हे चुकलं," काका म्हणाले. "ही बोलताना हात खिशात? शक्य नाही. ही बोलायला लागली की आम्ही भांडी लांब सरकवतो."

"नाही काका. लॅबमध्ये हात खिशातच असतो. मी रोज बघते."

"का गं?"

ताई पट्टी दुमडत म्हणाली, "ट्यूब असते खिशात. सांडू नये म्हणून धरून ठेवते."

"कसली ट्यूब?"

"पॉलिमरची. फार पूर्वी एकाने माझी ट्यूब टेबलावरून उचलून स्वतःच्या कामाला वापरली होती. आठवड्याचं काम गेलं. तेव्हापासून मी टेबलावर काही ठेवत नाही. फ्रीजमधून काढली की खिशात. सगळ्यांना भेटून येते, मग काम."

मला तोवर खरंच काही कळलं नव्हतं. कळलं तिला. सुई हातात तशीच राहिली.

"साहित्य, कागदावर काय लिहिलंय? फ्रीजमधून काढून पुढे?"

"खोलीच्या तापमानाला आणावी."

"खोलीच्या." तिने वर पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तो कागद लिहिला तेव्हा त्या खोलीत एसी नव्हता गं. घाम पुसत काम करायचो आम्ही."

सुई तिने काळजीपूर्वक पट्टीत टोचून ठेवली. मग उठली आणि चहा टाकला.

सोमवारी तिने ही गोष्ट आधी करून पाहिली नाही. थेट डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली. मी मागे होते.

"डॉक्टर, एक गोष्ट सांगायची राहिली होती. लपवली नव्हती. मलाच माहीत नव्हती."

तिने खिशाचं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून तारेचा थर्मामीटर काढला. त्याचं टोक पाणी भरलेल्या ट्यूबमध्ये घालून ट्यूब टेबलावर ठेवली. पंधरा मिनिटांनी सतरा अंश. मग तीच ट्यूब ताईच्या खिशात, तिच्या मुठीत. एकतीस.

"सतराला पॉलिमरच्या साखळ्या पुऱ्या सुटतच नसतील," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या. "आधीच बारीक गोळे राहत असतील. डोळ्यांना दिसणारही नाहीत." मग त्या थांबल्या. "आणि मी ती पंधरा मिनिटं धरलीच नव्हती."

"गप्पाच होत्या त्या," ताई म्हणाली.

"ताई, मी बैठकीत जे बोलले—"

"बोलायलाच हवं होतं. तुम्ही बोलला नसता तर मी मेल्यावर ढेकूळच करत बसला असता सगळे." आणि मान फिरवून हसली. हातात ट्यूब नव्हती.

ते वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं नाही. आठवतं मात्र शब्दन्‌शब्द.

तिसरी खेप त्याच आठवड्यात झाली. सर हजर होते. अडचण अशी, की माझ्या ॲप्रनला खिसाच नव्हता. लॅबचे नवे ॲप्रन मुद्दाम बिनखिशांचे शिवून घेतले होते, लोक खिशात वस्तू विसरतात आणि त्या धुलाईत फुटतात म्हणून. ताईने स्वतःचा जुना ॲप्रन मला घातला. तो माझ्या गुडघ्यांच्या खाली येत होता.

मी ट्यूब खिशात घेऊन उभी राहिले.

"उभी काय राहिलीस? फेरी मार," ताई म्हणाली.

"नुसतं धरून उभं राहिलं तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

"चालेल. पण आधी होतं तसंच होऊ दे. मग काय वगळायचं ते वगळा."

मग मी फेरी मारली. सर्दीवाल्याला सर्दी विचारली. तो म्हणाला, बरी आहे. बसवालीला बस विचारली. एका विद्यार्थ्याला काय विचारावं ते कळेना, तेव्हा ताई लांबून म्हणाली, "त्याच्या भावाच्या नोकरीचं विचार." विचारलं. नोकरी लागली होती. त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. पाच मिनिटं तिथेच गेली. खिशात ट्यूब हळूहळू हातासारखी झाली. आधी ती मला बोचत होती. नंतर ती हातात आहे हे कळेनासं झालं.

एका दमात सोडला. ढवळलं. दोन टिचक्या मारल्या. वीस मिनिटं.

आकडा आला एकशे बारा.

डॉक्टरांनी तीच ट्यूब पुन्हा लावली. एकशे नऊ. शेजारी, टेबलावर ठेवलेल्या पॉलिमरची एक बॅच त्यांनी स्वतः केली होती. तिचा आकडा आठशे नव्वद. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे तशी पद्धत नाही. सर्दीवाला शिंकला.

दोन दिवसांनी आम्ही पेशी बघितल्या. आधी डॉक्टर, मग सर, मग मी. काळोखात हिरवे ठिपके. दाट. माझ्या हातचे. ताई शेवटी आली. डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"तुझ्या अंगठ्याला अजून घाई आहे," ती म्हणाली. मग तशीच वाकलेली असताना, हळू, "पण आहेत गं. आहेत."

वगळण्याचा विषय त्या दिवशी संपला. उलट सर म्हणाले, नव्या लेखात ताईचं नाव लेखकांच्या यादीत जाईल. तिसरं. ती म्हणाली, "मग आभारांतून काढा. दोन्हीकडे बरं दिसत नाही." यादीचा छापील कागद तिने घरी नेला. शिंपीकाकांनी तो कापायच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवला, मापांच्या तक्त्याशेजारी.

पद्धतीचा नवा कागद मी लिहिला. माझं तिथलं ते सगळ्यांत छोटं लेखन. पॉलिमरची ट्यूब गरम ठोकळ्यात, एकतीस अंशांवर, पंधरा मिनिटं ठेवावी. ठोकळा म्हणजे ट्यूब बसतील अशा भोकांचा धातूचा तुकडा, विजेवर तापणारा. डॉक्टरांनी तो दुसऱ्याच दिवशी मागवला. सगळ्यांच्या बॅच बरोबर यायला लागल्या. विद्यार्थ्यांच्याही. ताई ठोकळ्याला खालून-वरून बघून म्हणाली, "छान आहे. आणि वीज गेली तर?"

"तर थांबायचं," मी म्हणाले.

"थांबून कसं चालेल? पेशी थांबतात का?" तिने माझ्या अंगातला ॲप्रन चिमटीत धरून बघितला. "इकडे दे. उजवीकडे एक खिसा लावून देते. सोमवारी आणते."

"नियमात नाही ना?"

"आतून लावते. सरांना कशाला सांगायचं? सर तुझा ॲप्रन उलटा करून बघणार आहेत का?"

तो शुक्रवार होता. तिने ॲप्रनची घडी करून पिशवीत ठेवली. दारापाशी चपला बदलल्या आणि लॅबच्या चपला नेहमीप्रमाणे भिंतीला लावून ठेवल्या. मी कसलंतरी पान तपासत होते. मान वर करून "ये" म्हणाले की नाही, ते मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं आहे.

रविवारी दुपारी ती जेवून जरा पडली. पुन्हा उठली नाही. हृदय, असं नंतर डॉक्टर म्हणाले. औषधाचे.

संध्याकाळी शिंपीकाकांचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "साहित्य, ये गं जरा."

त्यानंतरचे चार-पाच दिवस मला सलग आठवत नाहीत. लॅब बंद ठेवली होती. मग उघडली. पहिल्या सकाळी डॉक्टर फ्रीजपाशी गेल्या आणि त्यांनी दारावर बोटाने टकटक केलं. मग माझ्याकडे बघितलं. ट्यूब काढून त्यांनी ठोकळ्यात ठेवली, आणि पंधरा मिनिटं सगळ्यांकडे जाऊन आल्या. त्यांना नीट विचारता येत नाही. पण गेल्या.

काल मी दुकानात गेले. काकांनी मशीनवर कापड चढवलेलं नव्हतं. काचेखाली लेखकांची यादी होती. त्यांनी फळीवरून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तुझा आहे बहुतेक," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी घेऊन बसली होती. मी म्हटलं, मशीनवर मारून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणाली, मशीनचा टाका टोचेल तिच्या हाताला. हातानेच करते."

मी ॲप्रन उलटा केला. आतल्या बाजूला, उजवीकडे, पांढऱ्या कापडाचा चौकोन होता. माझ्या मुठीच्या मापाचा. तिने माप कधी घेतलं ते मला माहीत नाही.

"पुरा करून देऊ?" काकांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "तुझं तू बघ."

मी तो तसाच आणला. आता माझ्यासमोर टेबलावर आहे. खिशाची डावी बाजू शिवून झाली आहे. खालची झाली आहे, टाके इतके बारीक की बोट फिरवलं तर लागत नाहीत. उजवी बाजू नुसती टाचलेली आहे. वरून चार टाके घातलेत. पाचव्यासाठी सुई कापडातून अर्धी बाहेर आली आहे, आणि दोरा अजून तिच्यात आहे.